121 मतांनी अडकले, 14 मतांवर सुटले: टेक्सासच्या महाभियोगात डाव कुठे पडले?

प्रश्न असा आहे: टेक्सासचे ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांच्यावरचा महाभियोग मे 2023 मध्ये कनिष्ठ सभागृहात 121 विरुद्ध 23 मतांनी मंजूर झाला. दोन्ही सभागृहांत बहुमत त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचं. मग अवघ्या साडेतीन महिन्यांत सिनेटने त्यांना एकूण एक आरोपातून मोकळं कसं केलं? पुरावा तोकडा होता की सेटिंग झालं?

पुरावा काही ठिकाणी तोकडा होता, हे आधी कबूल करू. पण असल्या खटल्यात साक्षीदार उभे राहण्याच्या कितीतरी आधी नियमावली लिहिली जाते आणि निम्मा खटला तिथेच लढला जातो. सगळे अंश मोजत बसतात, म्हणजे दोषी ठरवायला किती मतं मिळतील ते. मुरलेला माणूस आधी छेद बघतो, म्हणजे मतं कितीपैकी मोजायची ते.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ॲटर्नी जनरल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राज्याचा महाधिवक्ता येतो. त्याला राज्यपाल नेमतात आणि राज्यपालांची मर्जी असेतोवरच तो पदावर राहतो, त्यामुळे त्याच्यावर महाभियोग चालवण्याचा प्रश्नच येत नाही. टेक्सासचा ॲटर्नी जनरल थेट लोकांनी निवडलेला असतो, राज्यभर. राज्यपालाला तो काढता येत नाही. पॅक्स्टन जानेवारी 2015 पासून पदावर होते आणि नोव्हेंबर 2022 मध्ये तिसऱ्यांदा निवडून आले होते. पहिल्यांदा पद मिळालं त्याच वर्षी, जुलै 2015 मध्ये, रोखे गैरव्यवहाराच्या फौजदारी प्रकरणात त्यांच्यावर आरोप ठेवले गेले होते आणि तो खटला आठ वर्षं नुसता लोंबकळत होता. मतदारांना हे ठाऊक होतं, तरी त्यांनी निवडून दिलं. बचाव पक्षाचं पहिलं हत्यार हेच. निवडून येण्यापूर्वीच्या कृत्यासाठी पदावरून काढता येणार नाही, असं टेक्सासच्या कायद्यातलं एक कलमच आहे.

ठिणगी पडली ती पैशांवरून. 2020 च्या शरदात पॅक्स्टन यांच्याच कार्यालयातले वरिष्ठ अधिकारी एफबीआयकडे गेले. साहेब ऑस्टिनमधल्या नेट पॉल या बिल्डरसाठी सरकारी यंत्रणा राबवताहेत, अशी त्यांची तक्रार. पुढे त्यांतल्या काहींना काढलं, काही स्वतःहून गेले आणि चौघांनी दावा ठोकला. फेब्रुवारी 2023 मध्ये 33 लाख डॉलरवर तडजोड ठरली आणि ती रक्कम विधिमंडळाने मंजूर करावी असं पॅक्स्टन म्हणाले. इथे त्यांचा हिशेब चुकला. पैसे सरकारी तिजोरीतून हवेत म्हटल्यावर सभागृह विचारणारच, कशासाठी? चौकशी समिती शांतपणे कामाला लागली. पाच सदस्य, अध्यक्ष अँड्र्यू मर, तेही रिपब्लिकन.

आता तारखा बघा. 23 मेला पॅक्स्टन यांनी सभापती डेड फेलन यांच्यावर सभागृह चालवताना नशेत असल्याचा आरोप करून राजीनामा मागितला. त्याच दिवशी समितीची चौकशी उघड झाली. 24 मेला समितीच्या तपासनीसांनी जाहीर बैठकीत तपशील मांडला, 25 ला 20 आरोप दाखल झाले, 27 ला, शनिवारी, चारेक तासांच्या चर्चेनंतर मतदान. अधिवेशन 29 ला संपत होतं. चार दिवसांत सगळं आटोपलं.

ही घाई पुढे महागात पडली. समितीसमोर तपासनीसांनी साक्षीदारांचं म्हणणं सांगितलं. साक्षीदार स्वतः शपथेवर जाहीरपणे बोलले नाहीत. पॅक्स्टन यांच्या बाजूला उलटतपासणीची संधी नव्हती. कायद्याने ती द्यायलाच हवी असं नाही, कारण कनिष्ठ सभागृहाचं काम आरोपपत्र ठेवण्याचं, न्यायनिवाड्याचं नव्हे. पण राजकारणात कायद्याइतकंच दिसण्यालाही महत्त्व. ‘दोन दिवसांत उरकलं’ हे वाक्य बचाव पक्षाला आयतं मिळालं.

शिवाय 121 हा आकडा दिसतो तेवढा टणक नव्हता. त्यात 61 डेमोक्रॅट आणि 60 रिपब्लिकन. रिपब्लिकन सदस्य होते 85, म्हणजे सत्तर टक्के आपल्याच माणसाविरुद्ध गेले. पण या टप्प्यावरचं मत स्वस्त असतं. साधं बहुमत पुरतं आणि ‘आम्ही फक्त खटला भरा म्हणतोय, निकाल सिनेट देईल’ असं मतदारसंघात सांगता येतं. सिनेटमधल्या सदस्याला ही पळवाट नसते. कनिष्ठ सभागृहातल्या आकड्यावरून सिनेटचा अंदाज बांधणारे इथेच फसले.

एक फरक मात्र खरोखर वजनदार होता. अमेरिकेच्या अध्यक्षावर महाभियोग मंजूर झाला तरी तो खुर्चीवर राहतो. टेक्सासच्या घटनेच्या 15 व्या अनुच्छेदानुसार अधिकारी निकाल लागेपर्यंत आपोआप निलंबित होतो आणि राज्यपाल हंगामी माणूस नेमतो. राज्यपाल ग्रेग ॲबट यांनी आधी जॉन स्कॉट आणि मग अँजेला कोल्मेनेरो यांना नेमलं आणि स्वतः या भांडणावर शेवटपर्यंत फारसं तोंड उघडलं नाही. दोन्हीकडचे आपलेच, मौन हाच त्यांचा डाव.

आता नियमावली. सिनेटमध्ये 31 सदस्य: 19 रिपब्लिकन, 12 डेमोक्रॅट. त्यांतल्या एक अँजेला पॅक्स्टन, आरोपीच्या पत्नी. डॅलसच्या उत्तरेकडच्या कॉलिन काउंटीच्या भागातून त्या निवडून येतात. प्लेनो-फ्रिस्कोकडे राहणाऱ्या बऱ्याच मराठी मंडळींचा हा परिसर, त्यामुळे त्यांच्यापैकी काहींना हे नाव मतपत्रिकेवरून परिचयाचं असेल. नवऱ्याच्या खटल्यात बायको न्यायाधीश म्हणून बसणार का? 21 जूनला रात्री उशिरा 25 विरुद्ध 3 मतांनी मंजूर झालेल्या नियमांनी उत्तर दिलं: त्यांना मत देता येणार नाही आणि विचारविनिमयात भाग घेता येणार नाही, मात्र त्या उपस्थित धरल्या जातील.

हा शेवटचा अर्धा नियम नीट वाचा. घटनेत दोषी ठरवायला ‘उपस्थित सिनेटरांच्या दोनतृतीयांश’ मतं लागतात. अँजेला पॅक्स्टन यांना पूर्ण बाजूला ठेवलं असतं तर छेद 30 आणि गरज 20 मतांची. उपस्थित धरल्यावर छेद 31, गरज 21. म्हणजे मत न देताही त्यांची खुर्ची नवऱ्याच्या बाजूने मोजली गेली. त्या रोज येऊन आपल्या जागेवर बसत होत्या.

एका मताने काय होतं, असं वाटेल. 12 डेमोक्रॅट धरले तर 20 साठी 8 रिपब्लिकन हवेत, 21 साठी 9. मत देऊ शकणारे रिपब्लिकन 18. म्हणजे बरोबर निम्मे फुटले पाहिजेत. 18 पैकी 8 ‘काही नाराज सदस्य’ म्हणून खपतात. 18 पैकी 9 म्हणजे पक्षच दुभंगला. जो पहिला फुटणार त्याला नववा माणूस दिसला पाहिजे, नाहीतर तो एकटा उघडा पडतो आणि आरोपीही सुटतो.

छेदाचा हा खेळ आपल्याला नवा नाही. मे 1993 मध्ये न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धच्या महाभियोगाच्या प्रस्तावावर लोकसभेत बाजूने 196 मतं पडली आणि विरोधात शून्य. तरी प्रस्ताव पडला. काँग्रेस आणि मित्रपक्षांचे 205 सदस्य सभागृहात असून मतदानापासून दूर राहिले आणि एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताची अट पुरी झाली नाही. कोणालाही भ्रष्टाचाराच्या बाजूने हात वर करावा लागला नाही. टेक्सासमध्ये तेवढी सोय नव्हती, तिथे प्रत्येकाला लिहून द्यावं लागलं.

नियमांतला दुसरा डाव कमी गाजला, पण माझ्या मते अधिक परिणाम करून गेला. 20 पैकी चार आरोप, 11 ते 14, बाजूला ठेवले गेले. त्यात रोखे गैरव्यवहाराशी निगडित मुद्दे होते. कारण रास्त होतं: फौजदारी खटला प्रलंबित असताना त्याच साक्षीपुराव्याची जाहीर चिरफाड नको. पण त्यामुळे उरलेले 16 आरोप फिरून फिरून एकाच माणसाशी, नेट पॉलशी, येऊन थांबत. धर्मादाय संस्थेच्या वादात हस्तक्षेप, लिलाव रोखणारं कायदेशीर मत, बाहेरचा वकील नेमून समन्स काढणं, घराचं नूतनीकरण, सगळं त्याच्याभोवती. सोळा आरोप वाचताना जड वाटतात. पण एका खांबावर उभा मांडव असेल तर बचाव पक्षाला तो एकच खांब हलवायचा असतो.

उलट ज्यांचा प्रकरणाशी थोडाफार संबंध आला त्या इतर सिनेटरांना नियमांनी हात लावला नाही. लिलावांबद्दलचं ते मत सिनेटर ब्रायन ह्यूज यांच्या नावे मागवलं गेल्याचं साक्षीत आलं. तरी ते निवाडा करायला बसले. फक्त जोडीदार अपात्र, बाकी सगळे पात्र.

पीठासीन होते लेफ्टनंट गव्हर्नर डॅन पॅट्रिक. न्यायाधीश नव्हेत, पूर्वी रेडिओवर कार्यक्रम करणारे कसलेले राजकारणी. म्हणून त्यांना कायद्याचा सल्लागार नेमावा लागला. पहिली निवड झाली ते माजी न्यायाधीश लगेच बाजूला झाले, कारण त्यांनी पूर्वी पॅक्स्टन यांच्या प्रतिस्पर्ध्याला देणगी दिली होती. मग माजी न्यायाधीश लाना मायर्स आल्या. ही छाननी सल्लागाराची. खुद्द पॅट्रिक यांना पॅक्स्टन समर्थक ‘डिफेंड टेक्सास लिबर्टी’ या राजकीय समितीकडून जूनमध्ये 10 लाख डॉलर देणगी आणि 20 लाख डॉलर कर्ज मिळाल्याचं जुलैमध्ये उघड झालं. त्यांची पुढची निवडणूक 2026 मध्ये होती. या पैशाने एखादा निर्णय फिरवला असं सिद्ध झालेलं नाही, आणि हरकतींवरचे त्यांचे रोजचे निर्णय एकतर्फी होते असंही म्हणता येणार नाही. पण निवाडा करणाऱ्याच्या आसनाजवळ 30 लाख डॉलर ठेवले की प्रत्येक सिनेटरला वाऱ्याची दिशा कळते. त्यासाठी कुणाला फोन करावा लागत नाही.

5 सप्टेंबरला खटला उभा राहिला. सुरुवातीलाच सगळे आरोप फेटाळा, हा अर्ज 24 विरुद्ध 6 ने नामंजूर. त्या दिवशी अनेकांनी लिहिलं की पॅक्स्टन संपले. चूक. फेटाळणीच्या अर्जाला साधं बहुमत लागतं आणि ‘निदान पुरावा तरी ऐकू’ हे मतही स्वस्तच. त्या आकड्यात बघायचं होतं ते हे की सहा जण पहिल्याच दिवशी पक्के होते. वर पत्नीची खुर्ची. म्हणजे 31 पैकी सात आधीच गेले. दोषी ठरणं हाणून पाडायला 11 लागतात. उरले फक्त चार.

वेळेचा नियम असा: पुराव्यासाठी प्रत्येक बाजूला 24 तास, आणि तुम्ही केलेली उलटतपासणीही तुमच्याच घड्याळात. सुरुवातीच्या आणि शेवटच्या भाषणांना एकेक तास वेगळा. पुरावा सिद्ध करण्याचा निकष फौजदारी खटल्यासारखा, वाजवी शंकेपलीकडचा. अभियोक्त्यांनी रस्टी हार्डिन आणि डिक डिगेरिन हे ह्यूस्टनचे नामवंत फौजदारी वकील आणले होते. समोर टोनी बझबी. हार्डिन तपशिलाने, सावकाश बांधणी करणारे. बझबी एका वाक्यावर खेळणारे. घड्याळ दुसऱ्या शैलीला धार्जिणं असतं.

एक नमुना बघा. तक्रारदार अधिकाऱ्यांपैकी रायन वासर यांनी म्हटलं होतं की एफबीआयकडे जाताना आपण पुरावा नेला नव्हता. त्यांना म्हणायचं होतं कागदपत्रं नेली नव्हती. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगायला गेले होते. साक्षीत त्यांनी तो खुलासा केला. पण ‘पुरावा नेला नाही’ हे शब्द बाहेर पडले होते आणि बचाव पक्षाने ते शेवटपर्यंत वाजवले. साक्षीदार वकील असला तरी त्याची तयारी करून घ्यावी लागते, किंबहुना वकील असला तर जास्तच.

दुसरा नमुना स्वयंपाकघरातला. पॅक्स्टन यांच्या ऑस्टिनच्या घराचं काम नेट पॉलने फुकट करून दिलं, हा लाचेचा आरोप. ओट्यावर ग्रॅनाइट बसवायचं, खर्च सुमारे 20,000 डॉलर, आणि कंत्राटदार म्हणाला ‘नेटला विचारावं लागेल’, असं एका माजी मदतनिसाने साक्षीत सांगितलं. चांगली साक्ष, कारण त्या तरुणाचं साहेबांशी वैर नव्हतं. पण बचाव पक्षाने फोटो दाखवून विचारलं, कुठे आहे ते ग्रॅनाइट? ओटा जुनाच होता. आता कायद्याच्या दृष्टीने लाच कबूल करणंही पुरतं, दगड बसलाच पाहिजे असं नाही. पण ज्याला सोडायला निमित्त हवंय त्याला तो जुना ओटा पुरला.

मग 13 सप्टेंबर. ज्या महिलेशी पॅक्स्टन यांचे संबंध होते आणि जिला पॉलने नोकरी दिली असा आरोप होता, तिला बोलावलं होतं. ती आवारात आली, पण दोन्ही बाजूंच्या संमतीने ‘साक्षीसाठी उपलब्ध नाही’ असं जाहीर झालं. त्याच दिवशी हार्डिन यांनी एका साक्षीदाराची तपासणी संपवताना आपली बाजूच संपली असं म्हणून टाकलं. तसा त्यांचा इरादा नव्हता, असं सगळ्यांनाच दिसत होतं. बझबींनी तत्काळ पुराव्याअभावी निर्दोष ठरवण्याचा अर्ज केला आणि नंतर मागेही घेतला. मागे का? कारण मतदान होऊन अर्ज पडला असता तर बाजूने किती आणि विरुद्ध किती, हे दोन दिवस आधीच उघड झालं असतं. आपली मोजणी झाकून ठेवणं त्यांच्या फायद्याचं होतं. हा माझा अंदाज, पण अनुभवी माणूस असंच करतो.

बंद दाराआड विचारविनिमय सुमारे आठ तास चालला. 16 सप्टेंबरला प्रत्येक आरोपावर प्रत्येकाने आपलं मत लिहून दिलं आणि ते नावानिशी वाचलं गेलं. कोणत्याच आरोपाला 14 च्या वर मतं नाहीत. रिपब्लिकनांतून दोषी म्हणणारे दोघेच: रॉबर्ट निकल्स आणि केली हॅनकॉक. काही आरोपांवर काही डेमोक्रॅटांनीही निर्दोष म्हटलं, म्हणजे कागद वाचून मत देणारेही होते.

आकड्याचा प्रामाणिक हिशेब असा की 14 म्हणजे 20 पासूनही दूर. छेद 30 ठेवला असता तरी पॅक्स्टन सुटले असते. पण म्हणून तो नियम निरुपद्रवी होता असं नाही. नववा माणूस दिसेना, म्हणून तिसराही आला नाही. असल्या मतदानात 18 किंवा 19 असा मधला आकडा सहसा टिकत नाही. एकदा 21 गाठता येत नाही असं दिसलं की काठावरचे सगळे सुरक्षित बाजूला सरकतात. बाहेर डोनाल्ड ट्रम्प उघडपणे पॅक्स्टन यांच्या बाजूने बोलत होते, आणि टेक्सासमध्ये रिपब्लिकन सिनेटरला खरी भीती नोव्हेंबरची नसते, मार्चमधल्या पक्षांतर्गत प्रायमरीची असते.

राजीनामा देऊन सुटता आलं असतं का, असंही विचारलं जातं. टेक्सासमध्ये तो प्रयोग होऊन गेलाय. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी 1917 मध्ये निकालाच्या आदल्या दिवशी राजीनामा दिला. सिनेटने तरी कायमची बंदी घातली आणि पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. मग 1924 मध्ये त्यांची पत्नी मिरियम गव्हर्नर म्हणून निवडून आली. आपल्याकडे न्यायमूर्ती सौमित्र सेन यांनी 2011 मध्ये राज्यसभेने महाभियोगाचा प्रस्ताव मंजूर केल्यावर राजीनामा दिला आणि लोकसभेतला प्रस्ताव तिथेच विरला.

निकाल लागताच पॅट्रिक यांनी आसनावरूनच कनिष्ठ सभागृहाला झोडपलं: घाई, शपथेविना साक्षी, करदात्यांचा पैसा. बाजूला ठेवलेले चार आरोप त्याच दिवशी 19 विरुद्ध 11 ने निकाली निघाले. रोखे प्रकरणाचा खटला मार्च 2024 मध्ये तडजोडीने मिटला: 100 तास समाजसेवा आणि सुमारे 2,71,000 डॉलरची भरपाई. महाभियोगाला मत दिलेल्या आमदारांविरुद्ध पॅक्स्टन 2024 च्या प्रायमरीत स्वतः उतरले. मर यांनी निवडणूकच लढवली नाही. फेलन यांनी दुसऱ्या फेरीत आपली जागा 400 हून कमी मतांनी राखली, पण सभापतिपदाच्या शर्यतीतून त्यांना माघार घ्यावी लागली. आणि ज्या 33 लाखांवरून हे सुरू झालं, तो दावा पुन्हा न्यायालयात चालला. एप्रिल 2025 मध्ये न्यायाधीशांनी त्या चौघांना 66 लाख डॉलर मंजूर केले.